घरातले गरम पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील आमच्या बंगल्याच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा जुना सोलर वॉटर हीटर आहे. उन्हाळ्यात पाणी कढत मिळते, पण डिसेंबरात पहाटे ते कोमटच असते आणि तळमजल्यावर गरम पाणी यायला फार वेळ लागतो. कारागीर संपूर्ण संच बदलायला सांगतो. काय करावे?

उत्तर : संच बदलण्याची घाई करू नये. पाणी मुळात तापतच नाही की तापलेले पाणी रात्रीतून निवते, हे आधी ठरवावे लागेल. स्वच्छ उन्हाच्या दिवशी गरम पाणी न वापरता दुपारी चारच्या सुमारास टाकीतून येणाऱ्या पाण्याचे तापमान मोजावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मोजावे.

दुपारीच पाणी कोमट असेल, तर प्रथम सावली पाहावी. नाशिक सुमारे २० अक्षांशावर असल्याने डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ ते ४७ अंश वर येतो. म्हणजे दक्षिणेकडील ३ मीटर उंच टाकीची किंवा नव्या मजल्याची सावली जवळपास तेवढीच लांब पडते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने हीच अडचण जाणवत नाही, म्हणून आपल्या तक्रारीत मला सर्वाधिक संशय सावलीचा येतो. त्यानंतर नळ्या तपासाव्यात. नळीच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर तिच्यातील निर्वात पोकळी गेलेली असते आणि तेवढी एक नळी बदलली तरी पुरते. हे काम सकाळी ऊन चढण्यापूर्वीच करावे, कारण तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी शिरले की काच तडकते. बोअरचे पाणी वापरात असेल, तर नळ्यांत क्षार साठलेले असणारच. ते काढण्यासाठी स्टीलच्या टाकीत हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र कोणालाही घालू देऊ नये.

दुपारी पाणी कढत आणि पहाटे कोमट, असे असेल तर दोष नळ्यांचा नाही. टाकीच्या वेष्टनात पाणी मुरले असेल, किंवा न्हाणीघरातील एखाद्या मिक्सरमधून (गार-गरम पाणी मिसळून देणाऱ्या नळातून) गार पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरत असेल. दुसरी शक्यता तपासणे सोपे आहे : सोलरच्या टाकीला जाणारा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम पाण्याचा नळ उघडावा. पाइपातील उरलेले पाणी गळून गेल्यावरही धार चालूच राहिली, तर ते पाणी मिक्सरमधूनच येते आहे. तेथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवावा. खर्च किरकोळ असतो.

तळमजल्याचा प्रश्न पाइपाच्या लांबीचा आहे. २० मिलिमीटर आतील व्यासाच्या २० मीटर पाइपात सुमारे ६ लिटर पाणी मावते आणि ते वाहून गेल्याशिवाय गरम पाणी येत नाही. नवा संच आणला तरी हे तसेच राहील. पाइपाला वेष्टन घातल्यास पाठोपाठच्या आंघोळींना फायदा होतो; पहिल्या आंघोळीसाठी तळमजल्यावर ३ लिटरचा लहान गिझर लावणे अधिक सोयीचे.

प्रश्न : पंचवटीतील आमच्या घरी २५ लिटरच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. तो बंद करून टाकला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. २० अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले की साधारण ०.४ लिटरने फुगते आणि ते बाहेर पडण्यासाठीच हा व्हॉल्व्ह असतो. त्याचे तोंड बुजवल्यास टाकी फुटू शकते. गिझर बंद असतानाही ठिबक थांबत नसेल, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकले आहेत किंवा पाण्याचा दाब जास्त आहे, असे समजून व्हॉल्व्ह बदलून घ्यावा आणि त्याची नळी खाली उतरवून मोरीत सोडावी.