घर कॅन्ससला, जर्सी बफेलोची

"मावशी नमस्कार, आम्ही सात वर्षं बफेलोजवळ ॲमहर्स्टला होतो, गेल्या जूनमध्ये ह्यांच्या नव्या जॉबमुळे कॅन्ससला ओव्हरलँड पार्कला आलो. मुलगा अकरा वर्षांचा आणि बिल्सचा, म्हणजे बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, इतका कट्टर की विचारू नका. तिथल्या शेजारच्या आजोबांनी हे वेड लावलं, 2022 च्या ख्रिसमसच्या वादळात आम्ही घरात अडकलो होतो तेव्हा त्यांनीच आमच्या दारातला बर्फ काढला होता, अजून दर मॅचनंतर हा त्यांना फोन करतो. इथे सगळं गाव शेजारच्या कॅन्सस सिटीच्या चीफ्सचं, शुक्रवारी शाळेत ऑफिसात सगळे लाल, आणि हा निळी जर्सी घालून जातो. हे मात्र तीन महिन्यांत चीफ्सचे झाले, ऑफिसमधल्यांनी टोपी दिली तेव्हापासून. 26 जानेवारीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं आणि त्याच संध्याकाळी बिल्स-चीफ्स. वर आम्ही बायका, खाली बेसमेंटमध्ये पुरुषमंडळी, त्यात हा एकटा निळा. बिल्स हरले तसे एक काका म्हणाले, घे तिळगूळ आणि गोड बोल, सगळे हसले, हेही हसले. पोरगा डोळे भरून वर आला आणि सगळ्या बायकांसमोर बाबांना गद्दार म्हणाला. मग 9 फेब्रुवारीला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, चीफ्स हरले तर ह्याने डब्यातला उरलेला तिळगूळ काढून बाबांच्या मित्रांना वाटला. तेव्हापासून बापलेकांत धड बोलणं नाही. हे म्हणतात इथे राहायचं तर इथल्यासारखं राहावं, आणि कायम हरणारी टीम धरून पोराला मिळणार काय. आता त्याला चीफ्सकडे कसं वळवू? हे मूळचे कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमच्या आपल्या फुटबॉलच्या मॅच पहाटे साडेचारला उठून फोनवर बघतात, पण ही अमेरिकन भानगड त्यांना आत्ता आत्ता कळायला लागलीय. आणि पुढच्या वर्षी हळदीकुंकू कधी ठेवू तेही सांगा."

अगं, आधी मी पोटभर हसले ते सांगते, उरलेला तिळगूळ वाटला म्हणजे पोरगं तुमचंच आहे यात काही शंका नाही. आणि वळवायचं वगैरे डोक्यातून काढून टाक. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच पत्रात शेवटी शेवटी लिहून ठेवलंयस, नवरा कोल्हापूरचा आणि पहाटे साडेचारला उठतो.

तो दिलबहारचा की पाटाकडीलचा, म्हणजे कुठल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा, ते तू लिहिलं नाहीस, पण एक कर, उद्या चहा देताना सहज विचार, की अहो यंदा ती दुसरी तालीम जोरात आहे म्हणे, आपण तिकडे जायचं का? आणि मग चेहरा बघ. कोल्हापुरात पेठेची तालीम बदलणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, माझे एक चुलत दीर चाळीस वर्षं मुंबईत राहिले पण तालमीची मॅच हरली की त्या रात्री जेवायचे नाहीत, आणि त्यांना स्वतःला कधी बॉलला पाय लावलेला कुणी बघितला नव्हता. तिथे कुणी म्हणत नाही की ही तालीम चार वर्षं जिंकली नाही म्हणून पोरांना दुसरीकडे घाला. मग बफेलोला हा नियम का लावायचा?

तुझ्या मुलाचं गाव बफेलो आहे गं. आपण सगळे इथे मुलांना सांगत बसतो की आपलं गाव साताऱ्याजवळ, आपलं गाव रत्नागिरीकडे, ती मान डोलावतात, दोन वर्षांतून एकदा जाऊन डास चावून घेऊन येतात, पण गाव म्हणजे जे पोटातून वाटतं ते त्यांना कुठे वाटतं? तुझ्या मुलाला वाटतंय. चौथ्या वर्षी तिथे गेला, शाळा तिथे, पहिला बर्फ तिथे, दार बुजलं तेव्हा फावडं घेऊन आलेले आजोबा तिथे. आणि तुम्ही एका उन्हाळ्यात सामान भरून त्याला जवळपास हजार मैल लांब आणलंत, त्याला न विचारता, आणि आणलंत तेही नेमकं त्या गावात ज्या गावाने बिल्सना सगळ्यात जास्त रडवलंय. त्या पोराची जागा बघ जरा. सोबत एक जर्सी आणता आली, ती तरी राहू दे.

ह्यांना काही गोष्टी माहीत नसतील म्हणून लिहिते, रात्री भांडी आवरताना वाचून दाखव. 2021 पासून 2025 पर्यंत चीफ्सनी बिल्सना प्लेऑफमधून, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांतून, चार वेळा बाहेर काढलंय. त्यातली 2022 च्या जानेवारीतली तर बफेलोवाले नुसती "तेरा सेकंद" म्हणून ओळखतात. बिल्स तीन पॉइंटनी पुढे, घड्याळात तेरा सेकंद उरलेली, तेवढ्यात चीफ्सच्या माहोम्सने दोन पास टाकले, फील्ड गोल झाला म्हणजे किकचे तीन पॉइंट, बरोबरी, ओव्हरटाइम, नाणेफेक चीफ्सनी जिंकली आणि सरळ जाऊन टचडाउन, बिल्सच्या जॉश ॲलनच्या हातात बॉल आलाच नाही. एवढा आरडाओरडा झाला की लीगने त्याच वर्षी नियम बदलला, आता प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये दोघांनाही एकेकदा बॉल मिळतो. 2024 मध्ये बिल्सच्या टायलर बासची किक उजवीकडून बाहेर गेली, 27-24. आणि तुझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी 32-29, त्यात चौथ्या क्वार्टरला बिल्स एका पॉइंटनी पुढे असताना ॲलन चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, घुसला तो हव्या त्या रेषेपर्यंत पोचला की नाही पोचला, यावर बफेलोत अजून दहा वर्षं वाद चालेल. माझ्या मते पोचला होता. पण ते असो, मी पडले क्लीव्हलँडची, माझ्या मताला फुटबॉलमध्ये कोण विचारतं.

आता "कायम हरणारी टीम" याबद्दल. बिल्स 1991 ते 1994 लागोपाठ चार वर्षं सुपर बोलला गेले आणि चारही हरले, असं दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही. पहिल्या वेळी तर एका पॉइंटने, 20-19, शेवटच्या काही सेकंदांत स्कॉट नॉरवूडची 47 यार्डांची किक गोलपोस्टच्या उजवीकडून गेली. आपल्याकडे वर्ल्ड कपमध्ये कॅच सोडला तर लोक काय करतात ते मी सांगायला नको. बफेलोत काय झालं, तर दुसऱ्या दिवशी नायगारा स्क्वेअरला हजारो माणसं थंडीत जमली आणि त्याच नॉरवूडला पुढे बोलवा म्हणून त्याच्या नावाने ओरडत राहिली, तो माइकपाशी आला तेव्हा त्याला बोलवेना. हे असलं गाव आहे ते. पुढे 2000 पासून सतरा सीझन प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही, आणि 2017 च्या शेवटच्या दिवशी सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने बाल्टिमोरविरुद्ध शेवटच्या मिनिटात टचडाउन टाकलं म्हणून बिल्स आत गेले, तर बफेलोच्या लोकांनी डाल्टनच्या मुलांसाठीच्या संस्थेला पैसे पाठवले, कित्येकांनी बरोबर सतरा डॉलर, वर्षाला एक या हिशेबाने. जिंकणाऱ्याच्या मागे उभं राहून पोराला हे शिकायला मिळेल का? तुझ्या मुलाने ज्या आजोबांकडून हे वेड घेतलं ते या सगळ्यातून गेलेले आहेत.

माझं सांगते. आम्ही 1992 ला क्लीव्हलँडच्या बाजूला आलो, धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. आठवा लागला तोवर ब्राउन्सशिवाय, म्हणजे तिथल्या टीमशिवाय, त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. नोव्हेंबर 1995 मध्ये मालकाने जाहीर केलं की टीम बाल्टिमोरला नेणार. अख्खी टीम! लोक रडले, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटच्या होम गेमला प्रेक्षकांनी स्टेडियममधली बाकडी उपटली. मग तडजोड अशी निघाली की खेळाडू जातील पण नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडकडेच राहील, आणि 1999 ला नवी टीम आली. मधली तीन वर्षं माझा पोरगा रविवारी दुपारी ब्राउन्सचा स्वेटशर्ट घालून टीव्हीसमोर बसायचा, आणि टीव्हीवर भलतीच कुणाची तरी मॅच. त्याच्या बाबांनी एकदा म्हटलं की अरे बाल्टिमोरचे खेळाडू तर आपलेच आहेत, त्यांना सपोर्ट कर. तो काही बोलला नाही, उठून वर गेला आणि दार लावून घेतलं. बाल्टिमोर 2001 ला सुपर बोल जिंकलं. आमचे नवे ब्राउन्स 2017 ला सोळापैकी सोळा हरले, तर लोकांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकाराची मिरवणूक काढली, आणि माझा हा तीस वर्षांचा घोडा विमानाचं तिकीट काढून त्या मिरवणुकीला आला, सोबत सूनबाई, तिच्या चेहऱ्यावर हे काय घराणं आहे असा भाव. सांगायचं म्हणजे हे जात नाही. तुझ्या ह्यांनी जोर लावला तर तुझा पोरगाही दार लावून घेईल, तेवढंच.

बरं, नवरा अगदीच चुकला असंही नाही हं. नव्या गावात माणसाला चार लोक लागतात, ऑफिसात टोपी दिली ती घातली, यात गद्दारी कसली. आणि महाराष्ट्रात हा शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की पोरांच्या तोंडीही बसला, त्याबद्दल पोराने बाबांची माफी मागायची, बायकांसमोर म्हणाला तर निदान एखाद्या मावशीसमोर मागू दे. तिळगुळाबद्दलही. चीफ्स लागोपाठ तिसरा सुपर बोल जिंकायला निघाले होते, आजवर कुणाला जमलेलं नाही ते, आणि हाफटाइमला 24-0, शेवटी 40-22, त्या माणसांना त्या रात्री तिळगूळ वाटणं म्हणजे जखमेवर मीठच. ज्यांच्या गावात राहतो त्यांचं दुःख ओळखता आलं पाहिजे. त्याला सांग की ही लाल टोपीवाली मंडळी आज मिरवतात पण 1970 नंतर थेट 2020 पर्यंत यांनी सुपर बोल जिंकलेला नव्हता, पन्नास वर्षं, आणि त्यात 1994 च्या जानेवारीपासून 2016 च्या जानेवारीपर्यंत प्लेऑफची एक मॅच जिंकली नव्हती. वर्गातल्या कुणाच्या तरी आजोबांना विचारायला सांग, ते सांगतील एकेक मॅच. एवढंच काय, चीफ्स मूळचे डॅलसचे, 1963 ला इथे आले. म्हणजे टीमसुद्धा तुमच्यासारखीच बाहेरून आलेली.

पण आधी माफी बाबांनी मागायची. तिळगूळ घे म्हणणारे काका परके, त्यांचं सोड, पोराला लागलं ते बाबा हसले त्याचं. "मी तेव्हा हसायला नको होतं" एवढं एकच वाक्य, आणि त्यात "पण" नको, कोल्हापूरकरांना ते "पण" आवरणं जड जातं हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. मग एखाद्या पहाटे पोराला उठवून शेजारी बसवू दे, शाहू स्टेडियमची मॅच दाखवू दे, कुठली पेठ, कुठला रंग, कुणाशी खुन्नस आणि का, हे सगळं सांगू दे. शाळेचा दिवस नको, शनिवार-रविवार बघा. पोराला जे बफेलोचं वाटतं ते बाबांना त्या तालमीचं वाटतं हे त्याला कळलं की गद्दार शब्द आपोआप गळेल. आणि पुढच्या बिल्स-चीफ्सला दोघांनी आपापल्या रंगात बसायचं, मॅच संपल्यावर दहा मिनिटं कुणी कुणाला काही बोलायचं नाही, त्या दहा मिनिटांत आजोबांना फोन. तो फोन अजिबात बंद करू नकोस. ते किती वर्षांचे आहेत ते तू लिहिलं नाहीस म्हणून सांगते, उन्हाळ्यात एकदा चार दिवस काढून पोराला त्यांच्याकडे घेऊन जा, सोबत चिवडा ने, त्यांना आवडेल. आणि तिथे चिकन विंग्ज खाताना बुडवायला ब्लू चीजचं सॉसच मागायचं, रँचचं मागितलं तर पोरगा तुला ओळख देणार नाही.

एक राहिलं. बिल्सवाले मॅचआधी घडीच्या टेबलांवर उड्या मारून ती मोडतात हे तुला माहीत असेलच, वाणाचं टेबल त्या दिवसांत जरा नजरेसमोर ठेव.

हळदीकुंकू पुढच्या वर्षी शनिवारी ठेवू असं तुझ्या मनात असेल तर थांब, जानेवारीत प्लेऑफच्या पहिल्या दोन राउंडच्या मॅच शनिवारीही असतात. कॉन्फरन्स फायनलच्या, म्हणजे सुपर बोलआधीच्या सेमीफायनलच्या, वीकेंडला दोन्ही मॅच रविवारी होतात, त्याच्या आदल्याच दिवशी शनिवारी ठेव, तो दिवस सहसा मोकळा असतो. रथसप्तमीच्या आत बसतो का तेवढं कॅलेंडर बघून घे.