प्रिंटर अडकला, रांग वाढली: रनचा चौकोन वापरा

तुमची अडचण अशी की दुकानातला कॉम्प्युटर विंडोज १० वरून ११ वर नेल्यापासून प्रिंटर, नेटवर्क, डिव्हाइस मॅनेजर, काहीच जागेवर सापडत नाही, आणि समोर प्रोजेक्टची बाडं घेऊन कॉलेजची पोरं ताटकळतात. पुण्यात बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, तरी नवी आवृत्ती आली की माझीही तीच गत होते. म्हणून मेनू शोधायचंच सोडलंय. मेनूच्या जागा बदलतात, पण यांतल्या बहुतेक खिडक्यांची आतली नावं २००१ च्या विंडोज एक्सपीपासून तीच आहेत.

विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. खाली डाव्या बाजूला रनचा छोटा चौकोन येतो. त्यात इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता नाव टाकायचं आणि एंटर. नेटवर्कची कार्डं: एन-सी-पी-ए डॉट सी-पी-एल. डिव्हाइस मॅनेजर: डी-ई-व्ही-एम-जी-एम-टी डॉट एम-एस-सी. प्रोग्राम काढायचा असेल तर ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड डॉट सी-पी-एल. सीपीएल म्हणजे कंट्रोल पॅनलमधला तुकडा, एमएससी म्हणजे मॅनेजमेंट कन्सोलची खिडकी. एवढं कळलं की नावं आपोआप डोक्यात बसतात. एकदा टाकलेलं नाव चौकोन लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी पहिली दोन-तीन अक्षरं पुरतात.

तुम्ही मराठी टायपिंगही करता, म्हणून एक सांगतो. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर चौकोनात भलतंच देवनागरी उमटतं आणि विंडोज म्हणतं, असं काही सापडत नाही. परवा एका ऑफिसात यापायी नेटवर्कवाल्याला बोलावलं होतं! विंडोज आणि स्पेस दाबून आधी इंग्रजीवर या.

आता तुमचा खरा त्रास, प्रिंटर. एक प्रिंट अडकली की मागच्या सगळ्या थांबतात, आणि कॅन्सल केलं तरी ती 'डिलीटिंग' म्हणत तशीच बसते. बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो, तुंबलेला असतो स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा. रनमध्ये सर्व्हिसेस डॉट एम-एस-सी टाका, यादीत प्रिंट स्पूलर गाठा, उजवी क्लिक करून स्टॉप. मग सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जाऊन आतल्या फायली उडवा (फोल्डर नको!) आणि स्पूलर पुन्हा स्टार्ट करा. प्रिंटर बंद-चालू करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

रोज लागणाऱ्या खिडकीसाठी डेस्कटॉपवर उजवी क्लिक, न्यू, शॉर्टकट, आणि पत्त्याच्या जागी तेच नाव. मग त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट की च्या रकान्यात एखादं अक्षर दाबा, कंट्रोल-ऑल्ट त्याच्याआधी आपोआप लागतं. तो शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूतच ठेवा. दुसऱ्या फोल्डरात हलवलात की बटणं चालत नाहीत.

ही नावं पाठ करायची नसतील तर विंडोज आणि एक्स दाबा. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, टास्क मॅनेजर सगळे एका यादीत मिळतात. प्रोग्राम गोठला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, थेट टास्क मॅनेजर. नेटवर मिळणाऱ्या शंभर-शंभर शॉर्टकटच्या याद्यांच्या नादी लागू नका, काउंटरवर पाच-सहाच लागतात.

आणि दुकानातल्या मुलाला बजावून ठेवा. हल्ली काही वेबसाइटी 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणतात आणि विंडोज-आर, कंट्रोल-व्ही, एंटर दाबायला लावतात. क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं तिथे, त्यांनीच गुपचूप भरलेली आज्ञा त्यातून चालते आणि व्हायरस आत येतो. रनमध्ये नाव आपल्या हाताने टाकायचं, दुसऱ्याने दिलेलं चिकटवायचं नाही. चिकटवून एंटर मारलाच असेल तर आधी इंटरनेटची वायर काढायची आणि मग मला फोन.