कॅज्युअल्टीतलं संशोधन घड्याळापासून सुरू कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी नर्सिंगचं दुसरं वर्ष, पोस्टिंग कोकणातल्या जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. गाईडनी सुचवलेला विषय ‘ट्राएजविषयी स्टाफ नर्सचं ज्ञान आणि त्यावर शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’ (ट्राएज म्हणजे आलेल्यांपैकी आधी कुणाकडे बघायचं हे गंभीरपणावरून ठरवणं). तो तुला करावासा वाटत नाही. शिवाय एका सिनियरनी सांगितलंय की इमर्जन्सीतलं संशोधन डॉक्टरांचं, आपण फक्त फॉर्म भरून द्यायचे. ताई म्हणून विचारलंस, तर मीही तुला ‘तू’च म्हणते. माझी बरीचशी नोकरी कॅज्युअल्टीत गेली, शेवटची काही वर्षं इन्चार्ज म्हणून.

तो विषय घेऊ नकोस. मी तसाच प्रबंध केला होता. सिस्टरांना प्रश्नपत्रिका दिली, शिकवलं, आठवड्याने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली. गुण वाढले, ते वाढणारच होते. पण त्यामुळे छातीत दुखणाऱ्या एका तरी माणसाचा इसीजी लवकर निघाला का, हे मी पाहिलंच नाही. ती खंत अजून आहे, म्हणून एवढं लांब लिहितेय.

सिनियरचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. रुग्ण दारातून आत येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कोण बघतं? मामा ट्रॉली ढकलतात, सिस्टर बीपी लावते, सीएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर) त्या वेळी दुसऱ्या पडद्याआड टाके घालत असतात. ती पहिली दहा-पंधरा मिनिटं आपल्यासमोर घडतात आणि आपण लिहिलं नाही तर ती कुठेच उरत नाहीत. इमर्जन्सीतल्या संशोधनाचा अर्धा भाग या मिनिटांचाच आहे. केप टाऊनमध्ये २००४ साली डॉक्टर आणि नर्स यांच्या एका गटाने ट्राएजची पद्धत बांधायला घेतली, तीच पुढे साउथ आफ्रिकन ट्राएज स्केल म्हणून ओळखली जाऊ लागली. माणसं कमी, साधनं कमी, गर्दी अफाट अशा दवाखान्यांसाठी ती केली आणि तिचा पाया नर्सने मोजलेले श्वास, नाडी, बीपी, तापमान, रुग्ण किती शुद्धीत आहे आणि तो चालत आला की ट्रॉलीवर, हा आहे.

आता तुला जमतील असे तीन विषय सांगते.

पहिला, छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा इसीजी. आल्यापासून १० मिनिटांच्या आत तो निघून डॉक्टरांच्या नजरेखालून गेला पाहिजे, असं हृदयविकाराच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्याकडे किती वेळ लागतो ते मोज. सोपं वाटेल, पण बसलीस की कळेल की घड्याळंच जुळत नाहीत. केसपेपरच्या खिडकीतला कॉम्प्युटर एक वेळ दाखवतो, भिंतीवरचं घड्याळ दुसरी, आणि इसीजी मशीनची बॅटरी पूर्ण उतरून गेली असेल तर पट्टीवर तारीखच भलती येते. म्हणून पहिला आठवडा फक्त घड्याळं जुळवण्यात घालव आणि रोज सकाळच्या हँडओव्हरला ती तपास. दुसरं, ‘आल्याची वेळ’ म्हणजे नक्की कुठली ते ठरव. नातेवाईक केसपेपर काढायला रांगेत उभे असतात तेव्हा रुग्ण बाकावर छाती धरून बसलेला असतो. केसपेपरवरची वेळ धरलीस तर रांगेतला सगळा वेळ तुझ्या अभ्यासातून गळून जाईल, आणि खरा उशीर बहुतेक तिथेच असतो. दारात कुणीतरी उभं राहून वेळ टिपावी लागेल. पोटाच्या वरच्या भागात दुखणारे, घाम फुटलेले, मधुमेही, वयस्कर बायका यांनाही धर. ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून बाकावर बसवलेला एक शेतकरी नाइटला माझ्या डोळ्यांदेखत कोसळला होता, आणि त्याला बाकावर किती वेळ बसवून ठेवलं होतं हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता आलं नाही.

दुसरा विषय श्वासांचा. तुझ्या कॅज्युअल्टीतले गेल्या महिन्याचे केसपेपर काढ आणि श्वसनगतीच्या रकान्यावरून नजर फिरव. मी हे केलं होतं. पानामागून पान १८ नाहीतर २०. माणसं एवढ्या एका लयीत श्वास घेत नाहीत. आपण मोजत नाही, हेच खरं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली जी धोक्याच्या पूर्वसूचनेची गुणपद्धत काढली (२०१७ ची सुधारित आवृत्ती आता वापरतात), तिच्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा जास्त असतील तर एकदम ३. नुसत्या या एका गोष्टीचे ३ गुण झाले तरी रुग्णाकडे तातडीने पाहायला सांगितलंय. म्हणजे सवयीने २० लिहिलं की रुग्ण आपोआप शून्यात जाऊन बसतो. न्यूमोनिया, सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणं), डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस (मधुमेहात रक्तात आम्ल साठणं) यांत बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढलेला असतो.

अभ्यास असा कर: तू पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचे आणि केसपेपरवर काय लिहिलं गेलं त्याच्याशी ताडून पाहायचे. पण तू २८ मोजलेस आणि कागदावर २० आहे, तर प्रबंधासाठी गप्प बसायचं नाही. त्याच क्षणी सीएमओंना सांगायचं. ही अट सिनॉप्सिसमध्येच (प्रबंधाच्या आराखड्यात) लिही. एथिक्स कमिटी विचारेलच, आणि नाही विचारलं तरी आपण आधी नर्स आहोत.

तिसरा विषय सर्पदंशाचा, आणि कोकणात आहेस म्हणून तू हाच घ्यावास असं मला मनापासून वाटतं. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, ते ओळखायची २० मिनिटांची चाचणी सगळ्यांना माहीत आहे: २ मिली ताजं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायचं. ही चाचणी चुकते ती बारीकसारीक गोष्टींनी. ट्यूब प्लास्टिकची असली, किंवा काचेची असूनही साबणाच्या पावडरने धुतलेली असली, तर रक्त गोठण्यात अडथळा येतो आणि विष नसताना विष आहे असं वाटतं. मध्येच कुणी ट्यूब उचलून बघितली, २० च्या जागी दहाव्या मिनिटाला बघितली, तर तीच गत. ट्यूब कोण धुतं, कशाने धुतं, वेळ कोण लावतं, निकाल कोण बघतं, पुढची चाचणी किती वाजता झाली, हे सगळं आपल्या हातातलं आहे. नाग-मण्यारच्या दंशात ही चाचणी नॉर्मल येते, म्हणजे रक्त गोठतं, आणि रुग्ण तरीही मरू शकतो, म्हणून पापण्या पडतायत का, मान धरता येते का, याची दर ठरावीक वेळेची नोंद तुझ्या तक्त्यात हवीच.

प्रतिविषाच्या रिअ‍ॅक्शनचंही तसंच. आपल्याकडे कित्येक ठिकाणी आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन द्यायची सवय आहे. श्रीलंकेत हजाराहून जास्त रुग्णांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की प्रतिविषाआधी कातडीखाली दिलेल्या अगदी थोड्या अ‍ॅड्रेनलिनने पहिल्या तासातल्या गंभीर रिअ‍ॅक्शन ४३ टक्क्यांनी घटल्या; हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन (हेही एव्हिलसारखंच अँटिहिस्टामिन) यांचा तसा फायदा दिसला नाही. औषध बदलणं तुझ्या अखत्यारीत नाही. पण सलाईन सुरू झाल्यापासून कितव्या मिनिटाला अंगाला खाज, कितव्या मिनिटाला थंडी, बीपी कधी पडलं, अ‍ॅड्रेनलिन हाताशी भरून ठेवलेलं होतं की कपाटाची चावी शोधावी लागली, हे तुझ्याशिवाय कोण लिहिणार?

छोट्या गावात बसून मोठं काम होत नाही असं वाटलं तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बघ. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं, विशेषतः मुलं, फुप्फुसात पाणी होऊन जायची. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, गार पडलेले हातपाय, चढलेलं बीपी टिपलं, त्यावरून प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरायचं ठरवलं आणि १९८० च्या दशकात ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून एक-दोन टक्क्यांवर आलं. मशीन नव्हती. रात्रभर दर थोड्या वेळाने पाहणं आणि लिहिणं होतं. आपण नाइटला दुसरं काय करतो?

आकड्यांचं थोडक्यात. सरासरी देऊ नकोस, मध्यक दे, म्हणजे सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ. एकच रुग्ण तीन तास थांबला तर सरासरी सगळी ओढून नेते. तू वही घेऊन उभी आहेस म्हटल्यावर पहिले काही दिवस सगळे चपळ होतील, ते दिवस हिशेबात धरू नकोस. आणि प्रत्येक रुग्णापुढे त्या वेळी ड्यूटीवर किती सिस्टर होत्या आणि विभागात किती रुग्ण होते, हे नक्की लिही. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास छापला: एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो वॉर्डचा अभ्यास, कॅज्युअल्टीचा नाही. पण आपल्याकडे ‘सिस्टर कमी आहेत’ हे नुसतं तक्रार म्हणून ऐकलं जातं, त्याचे आकडे कुणी मांडत नाही. तुझ्या वहीतून ते निघतील.

एक अडचण येईलच, ती आधीच सांगते. खरी वेळ लिहायला स्टाफ घाबरतो, कारण उशीर कागदावर आला की मेमो येतो. माझ्या एका ठिकाणी असं झालं होतं, आणि त्यानंतर तिथल्या सगळ्या वेळा सुंदर दिसायला लागल्या, एकसारख्या. म्हणून कामाला लागण्याआधी सिव्हिल सर्जन आणि मेट्रन यांच्याकडून लेखी घे की या नोंदींवरून कुणावरही कारवाई होणार नाही. स्टाफची नावं लिहू नकोस, ड्यूटीची पाळी लिही. रुग्णाचं नाव नको, अनुक्रमांक पुरे. एमएलसी रजिस्टरला (पोलिसांत जाणाऱ्या केसेसच्या नोंदवहीला) हात लावू नकोस. नुसत्या नोंदींचा, ओळख न ठेवणारा अभ्यास असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांप्रमाणे एथिक्स कमिटी संमतीपत्राची अट शिथिल करू शकते. पण ते कमिटीने ठरवायचं, तू किंवा गाईडनी नाही.

गाईडकडे जाताना विषय बोलून दाखवू नकोस, दहा केसपेपरचा कच्चा तक्ता घेऊन जा. आणि निकाल तयार झाला की कॉलेजच्या सादरीकरणाआधी एकदा नाइटच्या स्टाफला दाखव, मामा-मावशींनाही बसव. ट्यूब कशाने धुतात हे तुला त्यांच्याकडूनच कळणार आहे.