वडशाला शेवटची कधी गेली होतीस?

नागपूर,
श्रावण

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे फोनवर पाठवलेला तो लांबलचक मजकूर, मी त्याला पत्रच म्हणते. त्यात पुण्याचं नाव चार वेळा आहे, दिल्लीचं तीन वेळा आणि लंडनचं एकदा. वडशाचं एकदाही नाही. तू राहतेस ब्रह्मपुरीत, वैनगंगेवरचा पूल ओलांडला की वडसा. आणि तू मला विचारतेस, 'मॅडम, अभिनय न करता नाटकात राहायचं असेल, अभ्यास करायचा असेल, तर संधी कुठे आहेत?'

आधी तुझ्या अंगणातलं सांगते. दिल्ली कुठे पळून जात नाही.

भाऊबीज झाली की तुमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती लागतात. धान घरात आलेलं असतं, हातात चार पैसे असतात आणि गावोगाव नाटकाचे मांडव पडतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे संपतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात, म्हणजे आपल्या झाडीपट्टीत, महिनोन्‌महिने हे चालतं आणि या सगळ्याची पेठ म्हणजे वडसा. मंडळ्यांच्या कचेऱ्या तिथे, बुकिंग तिथे, भांडणंही तिथेच. सरकारी अनुदानाची वाट न बघता, तिकीट काढून येणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवावर उभी असलेली ही रंगभूमी आहे. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला पुण्याहून तीन फोन आले, 'झाडीपट्टी म्हणजे नक्की कुठे हो?' त्यातले दोघे नाटकाचे प्राध्यापक होते.

तू लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून ही नाटकं बघितली असशील. कॉलेजात गेल्यावर ती तुला जरा भडक वाटायला लागली असतील. मलाही वाटायची. ते वाटणं बाजूला ठेव असं मी म्हणत नाही, ते वहीत लिहून ठेव. दोन वर्षांनी वाचशील तेव्हा गंमत वाटेल.

आता काम काय करायचं ते. यंदा भाऊबीजेच्या आधी एखाद्या मंडळीकडे जा आणि प्रॉम्प्टरच्या, म्हणजे नटांना संवाद पुरवणाऱ्याच्या, शेजारी बसायची परवानगी माग. रंगमंचावर काम नको, पैसे नको, फक्त ती जागा. नाटकातली सगळ्यात जास्त शिकवणारी आणि सगळ्यात कमी मागणी असलेली जागा तीच.

मी नाटकात शिरले ती प्रॉम्प्टिंगमधूनच. राज्य नाट्यस्पर्धा, हौशी मंडळी, सगळे कुठे ना कुठे नोकरी करणारे. मला विंगेत एक स्टूल, एक टॉर्च आणि संहितेची फाईल दिली होती. टॉर्चच्या काचेवर हिरवा जिलेटिन कागद रबरबँडनं बांधलेला, म्हणजे उजेड रंगमंचावर सांडत नाही. तालमीत नायकाच्या एका वाक्याआधी मी तीनदा शब्द दिला आणि तिसऱ्यांदा तो कावला, 'अगं, विसरलो नाही मी, थांबलोय!' त्या रात्री फाईलमध्ये पेन्सिलीनं लिहिलं : 'इथे थांबतो. देऊ नको.' मग अशा खुणा वाढत गेल्या. कुठे श्वास, कुठे हशा पिकेल म्हणून जागा, कुठे हमखास शब्द विसरतो. सादरीकरणापर्यंत त्या संहितेत नाटककाराच्या शब्दांइतकीच माझी पेन्सिल होती. छापील नाटकात यातलं काहीच सापडत नाही. पुढे मी बरंच वाचलं, शिकवलं, प्रबंध तपासले, पण नाटकाचा अभ्यास म्हणजे काय ते मला त्या हिरव्या उजेडात पहिल्यांदा कळलं.

झाडीपट्टीत तर नाटक फार कमी तालमींत उभं राहतं. नट रोज वेगळ्या गावात, कधी वेगळ्या नाटकात. तिथला प्रॉम्प्टर नुसता आठवण करून देणारा नसतो, अख्खा प्रयोग त्याच्या भरवशावर असतो. तो काय करतो, कसा करतो, नट त्याचा शब्द कानात घेऊन तोंडात कसा आणतो, हे बारकाईनं लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

महोत्सवांत स्वयंसेवक म्हणून जायचं तुझ्या मनात आहे, जा. मुंबईच्या पृथ्वी थिएटरच्या महोत्सवाला, पणजीत डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवाला तरुण मुलं कामाला लागतात. चार भाषांतली माणसं भेटतात, एका दिवसात दोन-दोन नाटकं पदरात पडतात. पण जायच्या आधी तीन गोष्टी स्पष्ट विचार : काम नेमकं कोणतं, रात्री उशिरा राहत्या जागी पोचवणार कोण, आणि तालमी बघू देणार का. मी एकदा एका मोठ्या शहरातल्या महोत्सवात नऊ दिवस राबले. छातीवर बिल्ला, हातात हार. पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत फाटकाशी उभी. नऊ दिवसांत एका नाटकाचा एकही अंक पूर्ण बघितला नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं आडनावही चुकलेलं होतं. दोष माझाच, मी विचारलंच नव्हतं.

आणि रात्रभराच्या प्रयोगांना एकटी जाऊ नकोस. गावात ओळखीचं एक घर बघून ठेव, एखादी मैत्रीण बरोबर घे. हे मी शिकवण म्हणून नाही, अनुभव म्हणून सांगते.

अभ्यासाच्या बाबतीत माझी एक लाज तुला सांगून टाकते. पस्तीसेक वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या शाहिराची खडी गंमत, आपल्याकडचं लोकनाट्य, मी कॅसेटवर घेतली. तीन तास. डफ, तुणतुणं, नाच्याचे टोमणे, मधेच भुंकलेलं कुत्रं, सगळं. मी इतकी खूश होते की कव्हरवर फक्त 'खडी गंमत – १' असं लिहिलं आणि कपाटात ठेवून दिलं. दहा वर्षांनी शाहिराचा मुलगा शोधत घरी आला. वडील गेले होते, त्यांचा आवाज हवा होता. कॅसेट काढली तर फीत चिकटलेली, बुरशी धरलेली. कोणतं गाव, कोणती तारीख, साथीला कोण, काही लिहिलेलं नव्हतं. तो चहा पिऊन गेला. काही बोलला नाही.

म्हणून सांगते, रेकॉर्डिंग करताना आधी विचार, सुरुवातीलाच गाव, तारीख, नावं मोठ्यानं बोल आणि एक प्रत त्यांच्या घरी देऊन ये. प्रबंध लिहून झाल्यावर नाही, त्याच आठवड्यात.

आता पैशाचं बोलू, कारण घरी तुला तेच विचारणार.

केंद्राच्या सांस्कृतिक खात्याची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे : वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. पण त्याला गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षांचं शिक्षण झालेलं लागतं. तुझं झालेलं नाही, तेव्हा तो नाद सोड. त्याच खात्याची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० वयासाठी आहे : महिना १०,००० रुपये, दोन वर्षं, संशोधन-प्रकल्पासाठी. तू आत्ता तेवीसची. म्हणजे तुझ्या हातात दोन हंगाम आहेत. दोन हंगाम प्रॉम्प्टरशेजारी बसलेल्या मुलीचा अर्ज आणि ग्रंथालयातून थेट उठून आलेल्या मुलीचा अर्ज यातला फरक पहिल्या पानावरच दिसतो. मी असे अर्ज वाचलेत. एक लक्षात ठेव, हे पैसे सहामाही हप्त्यांनी येतात आणि घरभाडं दरमहा द्यावं लागतं.

पीएच.डी. करायची असेल तर नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दे. नेटला नृत्य-नाट्य मिळून एक विषय आहे, पण तुझं एम.ए. मराठीचं, तर मराठीतूनच दे. त्यातली जेआरएफ, म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. वयाची अट ३० असली तरी मुलींना पाच वर्षांची सूट आहे. ती न मिळाल्यास बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तुझ्या प्रवर्गाला जी संस्था लागू असेल तिची अधिछात्रवृत्ती बघ. महाज्योतीची कचेरी इथे नागपुरातच आहे, आलीस तर माझ्याकडे जेवायला ये. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खासगी संस्था १९९५ पासून कलासंशोधनाला अनुदान देते, आणि अर्ज भारतीय भाषेत केलेला चालतो. इंग्रजीची धास्ती घेऊन बसली आहेस ना, म्हणून मुद्दाम सांगितलं. रक्कम, मुदत, कागदपत्रं मात्र प्रत्येक वेळी ताज्या जाहिरातीत बघायची, माझ्या पत्रावर विसंबायचं नाही.

अर्जात विषय छोटा घे. 'झाडीपट्टी रंगभूमी : एक चिकित्सक अभ्यास' असलं शीर्षक दिलंस तर मी तुझा फोन उचलणार नाही. आपल्या विद्यापीठांत 'एक चिकित्सक अभ्यास' या तीन शब्दांखाली किती कागद दबलाय देव जाणे. त्याऐवजी एकाच हंगामातली हँडबिलं जमव. कुणाचं नाव ठळक, कुणाचा फोटो वर, मालिकांतला नट पाहुणा आला की स्थानिक नायिका कितव्या ओळीत जाते, तिकिटाचा दर कुठे छापतात. एवढ्यावर एक उत्तम निबंध होतो. किंवा एका रात्रीचा हिशोब : मांडव, ध्वनी, नटांची रोजी, ऑर्गनवाला, गल्ला. कुणी दाखवला तर. दाखवायला वर्ष लागेल, तोवर चहा पीत बस.

पुणं, मुंबई? पुण्याचं ललित कला केंद्र (१९८७ पासून), मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स (२००३), संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, तिन्हीकडे रीतसर शिक्षण मिळतं. सहवास मिळतो, जो इथे नाही, हे मान्य. दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, वयाची अट ३०, पदवी आणि आधी सहा नाटकांत काम केलेलं लागतं. शिवाय तिथे निवड प्रात्यक्षिकातून होते. तुला अभिनय नको आहे, मग तिथे विद्यार्थिनी म्हणून जायचा हट्ट कशाला? दिल्लीला अभ्यासक म्हणून जा. मंडी हाउसच्या चौकाभोवती संगीत नाटक अकादमी आणि एनएसडी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, अकादमीचा ध्वनिचित्रसंग्रह आहे, आणि नेमिचंद्र जैन यांनी उभं केलेलं नटरंग प्रतिष्ठान आहे, तिथे रंगभूमीचे फोटो, कात्रणं, संहिता सांभाळून ठेवल्यात. बघ त्यांनी ते कसं लावलंय, खोक्यांवर चिठ्ठ्या कशा आहेत. मग वडशाच्या कचेरीतलं लोखंडी कपाट आठव.

लंडनबद्दल एवढंच : चार्ल्स वॉलेस ट्रस्ट भारतीय कलावंतांना आणि अभ्यासकांना ब्रिटनमधल्या कामासाठी मदत करतो. नाट्यसंशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, १९५७ सालचा. त्याच्या परिषदेत नवख्या संशोधकांसाठी वेगळा विभाग असतो, २०१५ साली ती परिषद हैदराबादला भरली होती. तिथे ब्रह्मपुरीहून आलेल्या मुलीला लोक काय विचारतील सांगू? शेक्सपिअरबद्दल नाही विचारणार.

सध्या धानाची रोवणी आटोपली असेल. मंडळ्यांची जुळवाजुळव दिवाळीच्या बरीच आधी सुरू होते, तेव्हा येत्या पंधरवड्यात एकदा वडशाला जाऊन ये. पहिल्या भेटीत वही काढू नकोस. बाबांच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांना बरोबर ने. तिकडे 'कोणाची पोरगी' हे आधी विचारतात, आणि त्याचं उत्तर असलेलं बरं.

पहिल्या प्रयोगाला मीही येईन म्हणते. हल्ली रात्रभर बसवत नाही, दुसऱ्या अंकानंतर मला तुझ्या घरी झोपायला सोड. हँडबिलं दोन घेऊन ठेव. एक तुझ्या वहीत, एक मला. मागच्या बाजूला तारीख आणि गाव लिहून.

तुझी,
मॅडम