108 ची घाई कशाला? मंत्रजपाविषयी वाचकांचे प्रश्न

श्रावणात कानबाई देवीचे रोट होतात आणि खान्देशात घरोघरी पोथ्या नि माळा बाहेर निघतात. योगवर्गात आणि पत्रांतून जपाविषयी विचारणाही याच दिवसांत वाढते. यंदाचे बहुतेक प्रश्न संख्येचे आहेत: किती माळा, किती दिवस, कशाला कोणता मंत्र. मला संख्येपेक्षा वेगाची काळजी जास्त वाटते, त्यामुळे पहिल्या उत्तरालाच थोडी जागा लागेल.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वय 54. बीपी 150/95 निघालं आणि गोळी सुरू झाली. मेहुणे म्हणतात, रोज 108 वेळा महामृत्युंजय म्हणा, तीन महिन्यांत गोळी सुटेल. खरं का? रात्री वीज येते तेव्हा पाणी भरायला जावं लागतं, त्यामुळे पहाटे बसणंही होत नाही.

दादा, गोळी सोडू नका. ती कमी करायची की बंद करायची, हे तुमचे डॉक्टर तुमच्या नोंदी पाहून ठरवतील. मेहुण्यांनी नाही आणि मीही नाही.

जपाची मदत मात्र होऊ शकते. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 18 श्वास घेतो. 2001 मध्ये इटलीतील संशोधकांनी 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा म्हणण्याच्या लयीनेच श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. आपल्या मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणाऱ्या जागा असतात. दाब वाढला की त्या मेंदूला कळवतात आणि हृदयाचे ठोके संथ होतात. सहा श्वासांच्या त्या लयीत ही यंत्रणा अधिक तत्पर झालेली दिसली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, शरीराचा प्रतिसाद एकच. मला हे फार मोलाचं वाटतं. पण ती माणसं निरोगी होती आणि प्रयोग थोड्या वेळाचा होता. त्यावरून गोळी सुटेल असा अर्थ काढणं चूक आहे.

आता तुमच्या मंत्राकडे येऊ. महामृत्युंजय हा ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला मंत्र आहे. त्याचा छंद अनुष्टुभ, म्हणजे आठ आठ अक्षरांचे चार चरण. एका श्वासात दोन चरण सावकाश म्हणा, मग शांतपणे श्वास आत घ्या. घेणं-सोडणं मिळून दहा सेकंद धरले तर एक मंत्र वीस सेकंदांत होतो आणि 108 मंत्रांना 36 मिनिटं लागतात. तुमची माळ दहा मिनिटांत आटपत असेल, तर एका मंत्राला साडेपाच सेकंदच मिळतात. त्या वेगात श्वास लांबत नाही, उलट दम लागतो. म्हणून 27 मण्यांची माळ घ्या. ती 108 च्या बरोबर चौथ्या भागाची असते आणि नऊ मिनिटांत संथपणे पुरी होते. श्वास रोखून धरू नका. बीपी असलेल्यांनी असा कुंभक करू नये.

पहाटेचं मनावर घेऊ नका. रात्रभर बांधावर जागलेल्या माणसाने आधी झोपावं. दुपारी जेवणाआधी ओट्यावर बसलात तरी चालेल, फक्त वेळ रोज तीच ठेवा. बीपी घरी मोजून वहीत लिहा, ती वही डॉक्टरांना दाखवा आणि ताटातलं लोणचं-पापड कमी करा.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातली. शाळा चौथीपर्यंत. घरात अहिराणीच बोलतो, ‘ळ’ माझ्या तोंडातून ‘य’ होऊन निघतो. शेजारीण म्हणाली, चुकीचा मंत्र म्हटला तर दोष लागतो, आणि बायांनी गायत्री म्हणूच नये. ‘माले संस्कृत येत नही,’ मग मी काय म्हणू? आणि अडचणीच्या दिवसांत जप चालतो का?

ताई, दोष लागेल या भीतीने गप्प बसलेल्या कितीतरी माउल्या मला भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं.

शेजारणीच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. वेदमंत्रांना उदात्त, अनुदात्त, स्वरित असे स्वर असतात आणि ते गुरूसमोर बसून, ऐकून शिकायचे असतात. गायत्री शिकायची इच्छा असेल तर जाणत्या माणसाकडून शिका. तुमच्या जिभेला ते जमणार नाही असं मुळीच नाही. बायांनी म्हणू नये हे मला मान्य नाही. घोषा, अपाला या स्त्रियांच्या नावावर खुद्द ऋग्वेदात सूक्तं आहेत.

नाममंत्राला स्वरांची ही अट नाही. ‘राम कृष्ण हरी’ हा वारकऱ्यांचा मंत्र, आणि मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा तिच्यामागे चालणाऱ्या बायांना कोणी उच्चाराची परीक्षा विचारत नाही. त्यांचं पाऊल, टाळ आणि नाम एका ठेक्यात येतं, म्हणून श्वासही आपोआप लयीत येतो. तुम्ही शेतात जाता-येता हेच करा. सहा अक्षरं आहेत आणि त्यांत ‘ळ’ एकदाही येत नाही.

अडचणीच्या दिवसांबद्दलही तुम्ही विचारलंय. शरीराच्या दृष्टीने त्या दिवसांत जप टाळण्याचं कारण नाही. घरची रीत मोडायची नसेल तर मनातल्या मनात म्हणा.

प्रश्न : घरात छोटी मंत्रपेटी चोवीस तास चालू असते. त्याचा लाभ मिळतो का? (भुसावळ)

ऐकून मन शांत होत असेल तर थोडा वेळ जरूर ऐका. पण तो जप नव्हे. पेटी वाजते तेव्हा तुमचा श्वास लांबत नाही, तुमचं लक्षही मंत्रावर राहत नाही. चोवीस तास चालणारा आवाज थोड्याच वेळात कानांना ऐकू येईनासा होतो. झोपताना तर ती बंदच करा.

प्रश्न : मी धुळ्यात बारावीला आहे. अभ्यासाला बसले की छातीत धडधडतं. स्मरणशक्ती वाढवणारा मंत्र सांगाल का? मी ॐकार करून पाहिला, पण दोन मिनिटांत मन भलतीकडेच जातं.

बेटा, पाठ न केलेलं आठवून देणारा मंत्र नाही. तुला तसं कोणी पैसे घेऊन विकत असेल तर घेऊ नकोस.

धडधड कमी करायला मात्र ॐकार चांगला. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत 12 निरोगी व्यक्तींवर एक छोटा प्रयोग झाला आणि 2011 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ॐ म्हणताना त्यांच्या मेंदूचं एमआरआय यंत्रावर चित्रण केलं, आणि तुलनेसाठी नुसतं ‘स्स्स’ म्हणायला लावलं. ॐकाराच्या वेळी भीती आणि भावनांशी निगडित भागांची हालचाल मंदावलेली दिसली, ‘स्स्स’ म्हणताना तसं झालं नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत, पण दिशा आशादायक आहे.

मन भलतीकडे जातं म्हणून तू हिरमुसली आहेस. ते जाणारच. नवा गोऱ्हा औताला जुंपला की तासातून बाहेर ओढ घेतो, शेतकरी त्याला पुन्हा तासात आणतो आणि असं दिवसभर चालतं. मन निसटल्याचं लक्षात येणं आणि ते परत आणणं, हाच जपातला सराव आहे आणि पुस्तकासमोर तोच कामी येतो. अभ्यासाआधी पाच मिनिटं बस. ‘ओ’ थोडा, ‘म’ जास्त, ओठ मिटून. पेपरच्या दिवशी वर्गात मनातल्या मनात कर, श्वास सोडताना थोडा लांबव. आणि रात्री सात-आठ तास झोप घे. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच.

प्रश्न : यजमान जाऊन पाच महिने झाले. दत्ताचा जप करते, पण माळ हातात घेतली की रडूच येतं. जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते. काही वेळा जगण्यात अर्थ वाटत नाही. माझी श्रद्धा कमी पडतेय का? (पारोळा)

ताई, श्रद्धा कमी पडलेली नाही. दिवसभर आवरून धरलेलं रडू शांत बसल्यावर वर येतं. येऊ द्या. माळ खाली ठेवा, रडून घ्या, मग वाटलं तर पुन्हा उचला.

पण तुम्ही लिहिलेली बाकीची लक्षणं मी जपावर सोपवणार नाही. भूक जाणं, पहाटेची जाग आणि जगणं नकोसं वाटणं हे सगळं एकत्र असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. आजच्या आज बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलीला किंवा बहिणीला हे पत्र दाखवा आणि काही दिवस एकट्या राहू नका. औषध सुरू झालं तरी दत्ताचं नाम सुरू राहू द्या, त्या दोघांचं भांडण नाही. फक्त एकटीने तासन्‌तास बसण्याऐवजी संध्याकाळी देवळात चार बायांबरोबर म्हणा.

प्रश्न : जिनिंगमध्ये कामाला आहे. कायम नाक चोंदलेलं. ॐकाराने सायनस मोकळं होतं म्हणे. पण मी लांब ॐ म्हटला की चक्कर येते. (धरणगाव)

गुणगुणताना नाकातल्या पोकळ्यांची हवा जोरात खेळती होते, हे खरं आहे. 2002 मध्ये स्वीडनच्या संशोधकांना गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू साध्या उच्छ्वासाच्या सुमारे 15 पट आढळला. हा वायू या पोकळ्यांत तयार होतो. मात्र सायनसचा आजार त्याने बरा होतो असं यातून सिद्ध होत नाही, आणि तुमच्या बाबतीत कापसाची धूळ हेच कारण असू शकतं. कामावर नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लावा आणि एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

चक्कर येते कारण तुम्ही श्वास संपेपर्यंत ॐ ताणता आणि मग हपापल्यासारखा श्वास घेता. ॐ सहा-सात सेकंदांवर थांबवा, छातीत थोडा श्वास शिल्लक असतानाच. मध्ये एक-दोन साधे श्वास घ्या. एवढं करूनही चक्कर येत राहिली, किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर जप थांबवून तपासणी करून घ्या.