गुडघ्याचं ऑपरेशन आणि पोटावरची इंजेक्शनं

प्रश्न : आईचा (वय ६८) गुडघा बदलला. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमचं रोज एक इंजेक्शन १४ दिवस घ्यायला सांगितलंय. पोटावर काळेनिळे डाग पडतात. आई वॉकरवर चालते, मग इंजेक्शनं थांबवू का? पोटरी दुखते, तर मावशी तेल लावून चोळायला सांगते. – एक वाचक, पंचवटी

उत्तर : मनानं थांबवू नका. ऑपरेशननंतर रक्ताचा गोठण्याकडे कल काही आठवडे राहतो. घरातल्या घरात चार फेऱ्या मारून तो जात नाही. गुडघ्यानंतर साधारण १० ते १४ दिवस आणि खुबा बदलल्यावर ३५ दिवसांपर्यंत औषध देतात, ते यासाठीच.

डाग बहुधा टोचण्याच्या पद्धतीमुळे पडतात. बेंबीपासून दोन इंच सोडून, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे टोचा. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. तो काढताना औषधही सांडतं. कातडी चिमटीत धरून सुई सरळ, पूर्ण आत घाला, औषध सावकाश सोडा आणि सुई बाहेर आल्यावरच चिमूट सोडा. मग कापूस नुसता दाबून धरा. चोळलं की डाग पसरलाच! एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट डोस नको. मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणू नका, रक्तस्राव वाढतो. काळी शौच, नाकातून रक्त किंवा जखमेतून सतत पाझर दिसला, तर पुढचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. किडनीचा त्रास असेल तर तेही सांगा; डोस कमी करावा लागू शकतो.

मावशींचं तेल मात्र बाटलीतच राहू द्या. पोटरीत गाठ असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ऑपरेशन झालेल्या पायाला थोडी सूज असतेच, त्यामुळे नुसतं बघून निदान होत नाही. दुखणं नवं किंवा वाढतं असेल, तर त्याच दिवशी पायाचा कलर डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घ्या. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर डॉप्लरच्या भानगडीत न पडता १०८ ला फोन.

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. मधुमेह आहे, थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. पायात गाठी होऊ नयेत म्हणून आधीच घट्ट स्टॉकिंग्ज आणून ठेवू का? – सिडको

उत्तर : नको. ही लक्षणं पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची असू शकतात; अशा पायाला स्टॉकिंगच्या दाबानं जखम होते. आधी सर्जनकडून पावलांची नाडी तपासून घ्या.