चित्रे, छायाचित्रे आणि डिझाइन : पुस्तके निवडताना पडणारे प्रश्न

कला, छायाचित्रण आणि डिझाइन या विषयांवरची जगभरातील पुस्तके सुचवावीत, अशी मागणी करणारी पत्रे या महिन्यात बरीच आली. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. दिवाणखान्यात मांडून ठेवण्याजोगी जाडजूड, गुळगुळीत पुस्तके या उत्तरांत फारशी आढळणार नाहीत. आपली पाहण्याची सवय बदलेल अशा पुस्तकांकडे आमचा कल आहे, आणि ती पुष्कळदा अंगाने लहान असतात.

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका शाळेत कलाशिक्षिका आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करून घेते, परंतु जागतिक कलेविषयी माझे स्वतःचे वाचन तुटपुंजे आहे. एकाच पुस्तकाने सुरुवात करायची तर ते कोणते असावे?

उत्तर : अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांचे ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ घ्यावे. व्हिएन्नात वाढलेल्या आणि 1936 मध्ये लंडनला आलेल्या गॉम्ब्रिख यांचे हे पुस्तक 1950 मध्ये प्रसिद्ध झाले. या विषयात नव्याने पाऊल टाकणारा तरुण वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलेले असल्यामुळे त्यात परिभाषेचा बडेजाव नाही. ज्या कलाकृतीचे चित्र पुस्तकात देता येणार नाही तिच्याविषयी लिहायचे नाही, असे बंधन लेखकाने स्वतःवर घालून घेतले होते. त्यामुळे परिच्छेद वाचायचा, चित्र पाहायचे आणि लेखकाचे म्हणणे पटते का हे तिथल्या तिथे ताडून बघायचे, अशी सोय वाचकाला मिळते. वर्गात शिकवणाऱ्याला याहून उपयोगी पुस्तक सापडणे अवघड आहे. मात्र या पुस्तकाची पातळ कागदावरची लहान आकाराची आवृत्ती स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. तिच्यात सगळी चित्रे शेवटी एकत्र छापलेली आहेत, आणि मजकूर व चित्र यांचे शेजारीपण हेच ज्याचे बळ, त्या पुस्तकाची त्यात पुरती वाट लागते.

त्याच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. पूर्वेकडच्या कलेच्या वाट्याला स्वतंत्र असे एकच प्रकरण आले आहे आणि तेही इस्लामी जग व चीन यांच्यापुरते. पहिल्या आवृत्तीत तर एकाही स्त्री चित्रकाराला स्थान नव्हते. अजिंठा-वेरूळला सहली नेणाऱ्या शाळेला एवढ्यावर थांबता येणार नाही, म्हणून जोडीला पार्थ मित्तर यांचे ‘इंडियन आर्ट’ (2001) असावे.

गॉम्ब्रिख पचल्यानंतर, आधी नव्हे, जॉन बर्जर यांचे ‘वेज ऑफ सीइंग’ वाचावे. बीबीसीवरच्या चार भागांच्या मालिकेतून 1972 मध्ये हे छोटेखानी पुस्तक तयार झाले. त्यात सात निबंध आहेत आणि त्यांपैकी तिनांत एकही शब्द नाही, नुसती चित्रे एकापुढे एक मांडलेली आहेत. युरोपातील तैलचित्रे ही मालमत्तेचे प्रदर्शन कशी होती, चित्रातली स्त्री कोणासाठी रंगवली गेली आणि आजची जाहिरात त्याच चित्रांची भाषा कशी उचलते, हे बर्जर रोखठोक सांगतात. काही ठिकाणी ते फार घाईने निष्कर्षाला येतात, असे आमचे मत आहे. तरीही विद्यार्थ्यांमध्ये वाद पेटवायला याच्यासारखे पुस्तक नाही. शब्दांविना असलेला एक निबंध वर्गात दाखवावा आणि या चित्रांची जुळणी अशी का केली असेल, एवढाच प्रश्न मुलांना विचारावा.

प्रश्न : मी कोल्हापुरात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. लेन्स, एक्स्पोजर, लायटिंग यांवरचे व्हिडिओ भरपूर पाहून झाले. आता मोठ्या छायाचित्रकारांची पुस्तके पाहावीत असे वाटते. पण काही हजारांचे पुस्तक अर्ध्या तासात चाळून संपते. मग ते विकत कशासाठी घ्यायचे?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. पुस्तक अर्ध्या तासात संपते, कारण त्यातले प्रत्येक छायाचित्र आपण सुटे पाहतो. चांगल्या छायाचित्रसंग्रहात चित्रांइतकाच त्यांचा क्रम बोलत असतो, आणि हा क्रम कसा लावतात हे शिकायचे असेल तर रॉबर्ट फ्रँक यांच्या ‘द अमेरिकन्स’पासून सुरुवात करावी. झुरिकमध्ये जन्मलेल्या फ्रँक यांनी गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या आधारावर 1955 आणि 1956 मध्ये मोटारीने अमेरिका पालथी घातली, 27,000 हून अधिक फ्रेम टिपल्या आणि पुस्तकात ठेवली ती फक्त 83 छायाचित्रे. ते आधी 1958 मध्ये पॅरिसला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघाले. तिथल्या समीक्षकांना ते तेव्हा रुचले नाही. तिरक्या, दाणेदार, अंधाऱ्या चित्रांत त्यांना देशाची बदनामी दिसली.

या पुस्तकातली एक जोडी नीट पाहावी. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच येथे ताडांच्या दोन झाडांमध्ये एक मोटार उभी आहे आणि तिच्यावर चकाकणारे आच्छादन घातलेले आहे. पुढच्या छायाचित्रात ॲरिझोनातला 66 क्रमांकाचा महामार्ग येतो. रस्त्याच्या कडेला अपघातात गेलेल्यांवर पांघरूण घातले आहे आणि बाजूला काही माणसे नुसती उभी आहेत. झाकलेली मोटार आणि मोटारीनेच झाकायला लावलेले माणूस, एवढे सांगायला फ्रँक यांना एका ओळीचीही गरज पडलेली नाही. दोन्ही छायाचित्रे सुटी पाहिली तर पहिले सामान्य वाटेल आणि दुसरे वर्तमानपत्री. असाच अमेरिकेचा ध्वज पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो, आणि पहिल्याच छायाचित्रात तो खिडकीत उभ्या असलेल्या एका बाईचा चेहरा झाकून टाकतो.

आपल्या कामाशी याचा संबंध थेट आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत घटनाक्रमाने अल्बम लावण्याचा प्रघात आहे आणि गिऱ्हाइकाला तोच हवा असतो, हे मान्य. परंतु त्याच चौकटीत कोणत्या चित्रासमोर कोणते चित्र यावे आणि कोठे पान मोकळे सोडावे, हे ठरवण्याची मोकळीक छायाचित्रकाराकडेच असते. कपाटात एकच पुस्तक ठेवायचे असेल तर फ्रँक यांचे ठेवावे.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे 1952 चे ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ प्रसिद्ध आहेच, आणि त्याचे मुखपृष्ठ चित्रकार मातीसने केलेले आहे. एकाच चौकटीत सगळे जुळून येण्याचा क्षण म्हणजे काय, हे त्यात दिसते. पण नव्या छायाचित्रकारांवर त्याचा इतका पगडा बसतो की ते पुढे वर्षानुवर्षे, ब्रेसाँ यांच्या प्रसिद्ध छायाचित्रातल्यासारख्या, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसांच्या शोधात हिंडतात. त्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेचे अर्नेस्ट कोल पाहावेत. वर्णभेदाच्या राजवटीत खाणकामगारांची नागवी वैद्यकीय तपासणी, कृष्णवर्णीयांना जवळ बाळगाव्या लागणाऱ्या ओळखपासांची झडती, खचाखच भरलेल्या गाड्या हे सारे त्यांनी जोखीम पत्करून टिपले, 1966 मध्ये देश सोडला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘हाउस ऑफ बाँडेज’ प्रसिद्ध केले. मायदेशी त्यावर बंदी आली. कोल यांच्या पुस्तकात प्रकरणांची मांडणी विषयवार आहे, त्यामुळे एखादा विषय चहूबाजूंनी कसा घेरावा हे त्यातून उत्तम कळते.

आपल्याकडच्या दोघांची नावे सांगणे आवश्यक आहे. रघुबीर सिंग यांचे 1994 चे मुंबईवरचे पुस्तक रंगीत छायाचित्रणासाठी पाहावे. गर्दीचे दृश्य काचा, आरसे आणि दरवाजे यांनी तुकड्या-तुकड्यांत कसे बांधायचे, हे त्यांना चांगले जमले होते. दयानिता सिंग यांच्या ‘फाइल रूम’मध्ये (2013) माणसे थोडी आणि कागदपत्रेच फार आहेत. जुन्या दफ्तरखान्यातले रुमाल ज्यांनी सोडले-बांधले आहेत, त्यांना तिथली गाठोडी आणि वाकलेल्या फळ्या फार ओळखीच्या वाटतील.

छायाचित्रणाविषयीचा मजकूर वाचायचा असेल तर दोन पुस्तके पुरेत. सुझन सोंटॅग यांच्या ‘ऑन फोटोग्राफी’मध्ये (1977) एकही छायाचित्र नाही. रोलाँ बार्थ यांच्या ‘कॅमेरा ल्युसिडा’मध्ये (1980) छायाचित्रे आहेत, पण सगळे पुस्तक ज्याच्याभोवती फिरते, ते आईचे लहानपणीचे छायाचित्र त्यांनी मुद्दाम छापलेले नाही. परक्याला ते केवळ आणखी एक जुने छायाचित्र वाटेल, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्यांच्या घरची छायाचित्रे काढणाऱ्याने ही पाने अवश्य वाचावीत.

प्रश्न : मी नाशिकला उपयोजित कलेचे शिक्षण घेत आहे. रंगसंगतीवरची बहुतेक पुस्तके रंगचक्रापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. त्यापलीकडचे काही आहे का? देवनागरी अक्षरांवरही काही सुचवावे.

उत्तर : योसेफ अल्बर्स यांचे ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ (1963). बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइन शाळेत शिकवलेले आणि पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात गेलेले अल्बर्स रंगांचे नियम सांगतच नाहीत, ते कात्री हातात देतात. मध्यम राखाडी-तपकिरी कागदाचे दोन सारखे तुकडे कापावेत. एक गडद जांभळ्या कागदावर आणि दुसरा फिक्या पिवळ्यावर मधोमध ठेवावा. एकाच कागदाचे तुकडे वेगवेगळ्या रंगांचे दिसू लागतात. इतके की, तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिल्याखेरीज विश्वास बसत नाही. पुढचा स्वाध्याय याच्या उलट आहे : दोन निरनिराळे रंग एकच भासले पाहिजेत. तो फार अवघड आहे आणि सगळे शिक्षण त्यातच आहे. रंग कालवण्यात वेळ जातो आणि छटा पुन्हा हुबेहूब साधत नाही, म्हणून अल्बर्स कागदच वापरायला लावतात. आपल्याकडचा घोटीव कागद चकाकतो, त्यामुळे तो टाळून साधा रंगीत कार्डपेपर घ्यावा. मूळ आवृत्ती रेशीमछपाईच्या तक्त्यांची आणि दुर्मीळ आहे. साध्या बांधणीच्या आवृत्तीत तक्ते थोडे असले तरी स्वाध्याय तिच्यावरून होतात.

देवनागरीसाठी बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ (1971) पाहावा. भाषा संचालनालयाने काढलेला हा ग्रंथ एखाद्या जुन्या ग्रंथालयातच हाती लागेल. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ टायपोग्राफिक स्टाइल’ (1992) प्रामुख्याने रोमन लिपीचे आहे. समास, ओळीची लांबी आणि पानाचे प्रमाण यांपुरता त्याचा उपयोग करावा, कारण वेलांट्या आणि रफार सांभाळणाऱ्या आपल्या लिपीला दोन ओळींमधले अंतर जास्त लागते.

प्रश्न : मी पुण्यातला निवृत्त अभियंता आहे. डिझाइन म्हणजे केवळ सजावट नव्हे हे मला कळते, पण त्यावरचे वाचनीय असे काय आहे?

उत्तर : डोनाल्ड नॉर्मन यांचे ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ आपल्याला आवडेल. ते 1988 मध्ये निराळ्या नावाने निघाले आणि 2013 मध्ये लेखकाने त्याची सुधारित आवृत्ती तयार केली. दार ढकलायचे की ओढायचे, हे कळत नसेल तर दोष माणसाचा नसून दाराचा आहे, ही त्यांची भूमिका. चार बर्नरच्या शेगडीची बटणे एका ओळीत असतात आणि बर्नर चौकोनात. मग कोणते बटण कोणत्या बर्नरचे, हे वर्षानुवर्षे स्वयंपाक करणारेही कधीकधी चुकतात. नॉर्मन यांनी नेमके हेच उदाहरण सविस्तर सोडवून दाखवले आहे. व्हिक्टर पापानेक यांचे ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ (1971) अधिक तिखट आहे. निरुपयोगी वस्तू सुंदर करून विकणाऱ्या स्वतःच्याच व्यवसायाला त्यांनी त्यात सडकून काढले आहे.

या दोहोंच्या आधी मात्र चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याचा 1958 चा ‘इंडिया रिपोर्ट’ वाचावा. भारत सरकारच्या निमंत्रणावरून लिहिलेल्या या छोट्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यात तांब्यावर एक परिच्छेद आहे : किती पाणी मावावे, कमरेवर किंवा डोक्यावर कसा पेलावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपा कसा असावा, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहावा. आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूचे इतके बारीक निरीक्षण आपल्याकडे क्वचितच कोणी लिहून ठेवले असेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला चित्रकलेची आवड आहे. तिने यातले काही मराठीतून वाचावे अशी इच्छा आहे.

उत्तर : प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ द्यावे, पण मुलगी निदान महाविद्यालयीन वयाची असेल तरच, चित्रकाराने स्वतःच्या पाहण्याविषयी इतक्या संथपणे केलेले चिंतन लहान वयात झेपत नाही. म. वि. धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ त्या मानाने सोपे आणि रंजक आहे. 1890 ते 1931 या काळातले मुंबईचे जे. जे. स्कूल त्यात विद्यार्थी आणि शिक्षक अशा दोन्ही बाजूंनी दिसते. संदर्भासाठी शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड घरात असावा.

प्रश्न : परदेशी पुस्तकांच्या किमती परवडत नाहीत. ग्रंथालयात ती मिळत नाहीत. काय करावे?

उत्तर : सोंटॅग, बर्जर, नॉर्मन यांची पुस्तके साध्या बांधणीत मिळतात आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत बऱ्याचदा सापडतातही, ती विकत घेऊन पेन्सिलीने रेघा मारत वाचावीत. छायाचित्रसंग्रहांसाठी तीन-चार मित्रांनी वर्गणी काढून एकेक पुस्तक घ्यावे आणि फिरते ठेवावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने आपली अनेक जुनी प्रकाशने इंटरनेटवर विनामूल्य खुली केली आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याची उपलब्ध असलेली आठशेहून अधिक पत्रे, त्यांतली रेखाटने आणि टिपांसह, इंग्रजी अनुवादात 2009 पासून तशीच खुली आहेत. ती क्रमाने वाचू लागल्यास पहिली काही वर्षे कंटाळवाणी वाटतील. म्हणून 1888 च्या फेब्रुवारीपासून, म्हणजे तो आर्ल येथे पोहोचला तेथून, वाचायला घ्यावीत आणि मागचा भाग नंतर वाचावा.